दिवाळीच्या यादीत देणगीची ओळ कुठे लिहायची?

पारिजात_ठाणे | ३ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. काल दसरा झाला आणि रात्री आम्ही दोघं दिवाळीची यादी करायला बसलो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. गृहकर्ज चालू आहे, त्यामुळे दिवाळीचा आकडा आधी ठरवतो आणि त्याबाहेर जायचं नाही असा नियम आहे. यंदाची यादी अशी झाली:

फराळाचं सामान ६,५००. पाच जणांचे कपडे १२,०००. पाडवा आणि भाऊबीजेची ओवाळणी ७,०००. कंदील, पणत्या, रांगोळी, फटाके मिळून ३,५००. नातेवाईक आणि शेजाऱ्यांना द्यायचे मिठाई-सुकामेव्याचे डबे ५,०००. कामाच्या मावशी, वॉचमन, कचरा नेणारे दादा, पेपरवाला यांचा बोनस ६,०००. साताऱ्याला जायचं-यायचं भाडं ४,०००. एकूण ४४,०००.

सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. बातम्यांमध्ये सीना नदीच्या पुराची दृश्यं चालू होती. त्या म्हणाल्या, "जेवायला बसायच्या आधी गोग्रास काढतो ना आपण? मग यादीतही आधी तेवढं बाजूला काढा, उरलेल्यात दिवाळी करा." तेव्हा लक्षात आलं की एवढ्या लांब यादीत देणगीला एकही ओळ नाही. कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं की आम्ही देतो, पण ते घरखर्चाच्या पाकिटातून, हाताला येईल तेवढं.

यंदा ही ओळ यादीत लिहायचीच आहे, आणि सगळ्यात वर लिहायची आहे. एकूण आकडा मात्र ४४,०००च राहिला पाहिजे. तुमच्या घरी हे कसं करता? किती टक्के धरता, कुठून कमी करता, आणि कुणाला देता? सविस्तर लिहा, प्लीज.

चिंचगूळ | ३ ऑक्टोबर

सुकामेव्याचे डबे. तिथूनच सुरुवात कर. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांनी मिळून हे डबे देणं-घेणं बंद केलं. आता लक्ष्मीपूजनानंतर एकमेकांकडे फराळाला जातो. कुणालाही वाईट वाटलं नाही, उलट सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त हे आधी बोलून ठरवावं लागतं. एकीनेच थांबवलं आणि समोरून डबा आला की पंचाईत होते.

हिशेबनीस | ३ ऑक्टोबर

चांगला धागा. पहिला मुद्दा, कारण पुढे गोंधळ होईल: मावशी, वॉचमन, कचरावाले दादा यांचा बोनस देणगीत धरू नका. तुम्ही धरलेला नाही हे दिसतंय, पण बरेच जण धरतात. कारखान्यात बोनसच्या कायद्याने किमान ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. घरकाम करणाऱ्या बाईला तो कायदा लागू नाही. म्हणून एक पूर्ण पगार बोनस ही रीत आपणच पाळायची. तो तिचा हक्क आहे. यादीतल्या कुठल्याही ओळीला कात्री लावा, त्या ६,०००ना लावू नका.

टक्केवारीचं म्हणाल तर मी अशिलांना सांगतो की सणाच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरा. हा काही शास्त्राचा आकडा नाही. घराला ओढाताण न होता दरवर्षी जमतो, एवढंच. तुमच्या बाबतीत ४,००० ते ५,०००.

पारिजात_ठाणे | ३ ऑक्टोबर

धन्यवाद. बोनसला हात लावणार नाही. ५,००० धरते. चिंचगूळ, डब्यांचं शेजारी जमेल, पण नवऱ्याच्या मामांकडे डबा गेला नाही तर चालणार नाही. तेवढे दोन-तीन ठेवावे लागतील.

घाटमाथा | ४ ऑक्टोबर

पारिजातताई, तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून लिहायला बसलो. सणाच्या आणि रोजच्या खर्चातून थोडं बाजूला काढून महाराष्ट्रात केवढी कामं उभी राहिली आहेत, हे आपण विसरत चाललो आहोत.

अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड सुरू केला. त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड चालवला. घरातली बाई दळण-कांडण करताना मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची आणि ते धान्य वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाला जायचं. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलांसाठी अंगावरचे दागिने विकले. आणि दिवाळीशी थेट जोडलेला भाऊबीज निधी! हिंगण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कार्यकर्ते मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज मागायला घरोघर जायचे. आजही तो निधी गोळा होतो. माझी आजी आमच्या ओवाळणीतून एक नोट काढून घ्यायची आणि म्हणायची, "ही तुमच्या न पाहिलेल्या बहिणीची."

यात मला सगळ्यात मोलाचं हे वाटतं की देणारे श्रीमंत नव्हते. रक्कम छोटी होती, पण ठरलेली होती आणि चुकत नव्हती. संस्था चालवणाऱ्याला एकदाच आलेल्या मोठ्या चेकपेक्षा अशा नेमाच्या छोट्या रकमेचा जास्त आधार असतो. तिच्या भरवशावर त्याला पुढच्या महिन्याचा किराणा भरता येतो.

तुमच्या यादीत ओवाळणीचे ७,००० आहेत. त्यातच बहीण-भावांनी मिळून एक वाटा काढायचं ठरवलंत, तर वेगळी कात्री लावावीच लागणार नाही.

हर्णै_बंदर | ४ ऑक्टोबर

आमच्या घरची पद्धत सांगतो. जकातीचा हिशेब ठरलेला आहे: वर्षभर हातात राहिलेल्या बचतीवर अडीच टक्के. बचत ठरावीक मर्यादेच्या वर असली तरच. ती मर्यादा साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीवर धरतात. लाखाला अडीच हजार, सरळ हिशेब. रमजान लागला की अब्बा वही काढून बसायचे आणि आम्हा भावंडांना बेरजा करायला लावायचे.

पण तुमच्या प्रश्नाला जवळचा आहे तो फित्रा. माणशी धान्याच्या मापाने ठरलेली ही छोटी रक्कम ईदच्या नमाजाआधी द्यावी लागते. आधी का, तर ज्याला द्यायची त्याच्याही घरी ईदच्या दिवशी चूल पेटली पाहिजे. सण झाल्यावर देऊन काय उपयोग? तेव्हा ताई, ५,००० भाऊबीजेपर्यंत ठेवू नका. निदान त्यातला शिधा वसुबारसेच्या आत पोचवा.

सीनाकाठ | ४ ऑक्टोबर

मी माढा तालुक्यातला. पुराच्या गावातून लिहितोय, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मदत खूप आली आणि अजून येतेय, लोकांचे उपकार आहेत. पण वापरलेल्या कपड्यांचा रस्त्याच्या कडेला ढीग पडलाय. वरून पाऊस पडून त्याचा वास सुटलाय आणि तो उचलायला आता गावातली पोरं लावावी लागतायत. फाटक्या साड्या, लग्नातले कोट, एका पायाचा बूट. बिस्किटाचे पुडे घरटी इतके झालेत की पोरं बघतही नाहीत. दुसरीकडे, कणगीतली ज्वारी भिजून तिला कोंब आलेत, शेगडी गाळानं भरलीय, पोरांची दप्तरं वाहून गेलीत. जनावरं वाचली त्यांना वैरण नाही.

घरी दिवाळीचा फराळ करून देता येईल का, असं बरेच जण विचारतात. देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण कच्चा शिधा द्या. आमच्या बायकांना स्वतःच्या हातानं चार चकल्या तळू द्या. ज्या घरात सगळं वाहून गेलंय, तिथं कढई चढली की माणसं पुन्हा उभी राहतात, हे मी डोळ्यानं बघतोय. आम्ही गावातली पोरं एका घराला असा शिधा देतोय: रवा १ किलो, बेसन २ किलो, साखर २ किलो, तेल २ लिटर, पातळ पोहे १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, डाळं पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो. घाऊक घेतलं तर साधारण ९०० रुपयांत बसतं. त्यात उटणं आणि साबणाची वडी टाकली तर पोरं खूश होतात.

आणि शक्य असेल त्यांनी रब्बीच्या ज्वारीचं बियाणं द्या. एकरी चार किलो लागतं. वाफसा आला, म्हणजे जमीन पेरण्याइतकी सुकली, की लगेच पेरावं लागेल, वेळ फार थोडा आहे. पीक आलं तर माणसांना दाणा आणि जनावरांना कडबा, दोन्ही होतं.

चिंचगूळ | ४ ऑक्टोबर

सीनाकाठ, राग कसला? हे असं सांगणारं कुणी नसतं म्हणूनच ढीग पडतात. आमच्या सोसायटीत कपडे गोळा करायची पाटी लागली होती. आजच सेक्रेटरींशी बोलते आणि तिथे शिध्याची यादी लावते.

खडू_फळा | ५ ऑक्टोबर

बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्या भागातली एक गोष्ट शहरातल्या लोकांना ठाऊक नसते. दिवाळीच्या आठवड्यात वसतिगृहांना आणि आश्रमशाळांना फराळ, मिठाई, कपडे घेऊन लोक येतात, आणि नेमकी तेव्हाच सुट्टी असते. मुलं घरी गेलेली असतात. ज्या एक-दोन संस्थांमधली मुलं तिथेच राहतात, त्यांच्याकडे एका दिवसात एवढं गोड येतं की वाटता वाटत नाही.

आमच्याकडची खरी अडचण दिवाळी झाल्यावर सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. मुलं एकतर बरोबर जातात आणि शाळा सुटते, नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी मागे राहतात. यंदा पुरामुळे शेतातलं हाती लागलेलं नाही, जाणाऱ्यांची संख्या वाढेल असंच गावात सगळे म्हणतायत. मागे राहिलेल्या मुलाला डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो, वह्या संपतात, चप्पल तुटते. तेव्हा कुणी येत नाही.

म्हणून पारिजातताई, एक विनंती. पाचही हजार दिवाळीत संपवू नका. थोडे जानेवारीसाठी ठेवा. आणि देण्याआधी फोन करून विचारा: तुमच्याकडे किती मुलं, कोणत्या वयाची, आत्ता काय कमी आहे? मला स्वतःला असा फोन आला की फार बरं वाटतं.

रोखठोक_पुणे | ५ ऑक्टोबर

वेगळं मत मांडतो. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे. अशा घराने यादीत देणगीची ओळ लिहायची का? मला वाटतं नाही. आधी घर. आणि नात्यातही गरजू असतात. माझी एक चुलतबहीण एकटी दोन मुलं सांभाळते. दर दिवाळीत तिला पाकीट देतो, त्याची पावती मिळत नाही आणि मला ती नकोही आहे. पण वर्गणी मागणाऱ्याला नाही म्हटलं की तो असा बघतो की जणू आपण कुणाचं काही देणंच लागत नाही.

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर

रोखठोक, तुमच्याशी पूर्ण सहमत. बहिणीचं पाकीट हीच तुमची देणगीची ओळ आहे, ती तशीच लिहा. घरात आजारपण असताना दुसऱ्याच्या नजरेखातर एक रुपयाही देऊ नये.

दारावरच्या वर्गणीबद्दल: सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पावतीवर असतो. नोंदणी नसलेल्यांना वर्गणी गोळा करायला त्या कार्यालयाची परवानगी लागते. पावती शांतपणे वाचून घ्यावी आणि विचारावं. खरं काम करणारा माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

लाल_पिशवी | ५ ऑक्टोबर

रक्तपेढीत काम करते. ज्यांना यंदा पैसे देणं शक्य नाही त्यांच्यासाठी (खरं तर सगळ्यांसाठीच) लिहिते. दिवाळीत आमच्याकडे तुटवडा पडतो. कॉलेजं बंद, कंपन्या बंद, लोक गावी, म्हणजे शिबिरं होत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र ठरलेल्या दिवशी रक्त लागतंच, आणि प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, त्यामुळे आधी साठवून ठेवायचीही सोय नाही.

वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने झालेले असले की चालतं. घराजवळच्या रक्तपेढीला फोन करून पाडव्याच्या किंवा भाऊबीजेच्या सकाळी या. उपाशीपोटी येऊ नका, फराळ करूनच या.

रोखठोक_पुणे | ५ ऑक्टोबर

हे नक्की करतो. मुलगीही यंदा अठरा पूर्ण झाली आहे, तिलाही विचारतो.

एडिसनची_सून | ६ ऑक्टोबर

अमेरिकेतून वाचतेय. आम्हालाही पुरासाठी पाठवायचंय, पण एका संस्थेने पैसे घ्यायला नकार दिला, दुसरीने घेतले. नियम नेमका काय आहे?

हिशेबनीस | ६ ऑक्टोबर

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्ही अनिवासी असलात तरी ती परदेशी देणगी धरत नाहीत. नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवा, संस्था पासपोर्टची प्रत मागेल ती द्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या त्यासाठीच्या खात्यातच जमा व्हावे लागतात. नकार देणारी संस्था नियम पाळतेय, तिच्यावर नाराज होऊ नका.

इथल्यांसाठी कराचंही एकदाच सांगून टाकतो. ८०जीची, म्हणजे देणगीवरची, आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, नवीन प्रणाली घेतली असेल तर नाही. रोख दिलेली रक्कम २,०००च्या वर असेल तर ती धरत नाहीत, म्हणून यूपीआय किंवा चेकने द्या. वस्तू, शिधा, कपडे यांना वजावट नाही. संस्थेच्या पावतीबरोबरच फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्रही लागतं, ते वर्ष संपल्यावर त्यांच्याकडून मागून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम जुन्या प्रणालीत शंभर टक्के वजा होते.

पारिजात_ठाणे | ६ ऑक्टोबर

आज कोजागिरी. दूध आटवता आटवता सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, आणि यादी पुन्हा केली. धाकटीने स्वतःहून फटाक्यांचा आकडा खोडला, तिचं खास कौतुक. नवी यादी:

देणगी ५,०००. फराळ ६,५००. कपडे ११,००० (नवऱ्याने कुर्ता घ्यायचा नाही असं ठरवलं). ओवाळणी ७,०००. कंदील, पणत्या वगैरे २,५००. डबे २,०००, फक्त मामांकडे आणि आणखी दोन घरी. बोनस ६,०००. भाडं ४,०००. बेरीज ४४,०००.

देणगीचे ५,००० असे: दोन घरांचा शिधा १,८००, तो सीनाकाठ यांच्या गावी. सासूबाईंच्या हस्ते भाऊबीज निधीला २,०००. राहिलेले १,२०० खडू_फळा यांच्याशी बोलून जानेवारीत. नणंद आणि दिरांनाही घाटमाथा यांचा प्रतिसाद पाठवला आहे. ओवाळणीतून त्यांनी काही काढलं तर त्याचं ज्वारीचं बियाणं द्यायचं.

पुढच्या वर्षी ही खोडाखोड नको, म्हणून आतापासून काही करता येईल का?

हिशेबनीस | ६ ऑक्टोबर

नोव्हेंबरपासून महिना ४२० रुपयांचं आवर्ती खातं उघडा. बारा हप्त्यांत मुद्दलच ५,०४० होतं. खातं सासूबाईंच्या नावाने उघडलंत तर त्यातून दुसरा खर्च काढायची कुणाची हिंमत होणार नाही.

खडू_फळा | ७ ऑक्टोबर

ताई, १,२०० खूप झाले. आमच्या वर्गातल्या मागे राहणाऱ्या मुलांची यादी टोळ्या गेल्यावरच पक्की होते. स्वेटरची मापं तेव्हा घेऊन कळवते. लाल रंग नको, शाळेचा निळा आहे.

सीनाकाठ | ७ ऑक्टोबर

पारिजातताई, शिधा तिकडून विकत घेऊन पाठवू नका, पार्सलचं भाडंच शिध्याएवढं होईल. कुर्डुवाडीच्या किराणा दुकानदाराशी आमचं बोलणं झालंय, तो घाऊक भावाने देतोय. तुम्ही थेट त्याला पैसे द्या, बिल तुमच्या नावाने घ्या, आम्ही घरपोच करतो. वसुबारस १७ तारखेला आहे, त्यामुळे १२पर्यंत सांगितलंत तर माल वेळेत भरून होईल. बियाण्याचं मात्र आजच कळवा, चार दिवस ऊन पडलं तर वाफसा येतोय.

पारिजात_ठाणे | ७ ऑक्टोबर

नणंदेचे आणि दिरांचे मिळून १,५०० आलेत. सगळे बियाण्याला. दुकानदाराचा तपशील निरोपात पाठवा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही रकमा भरते.